अस्वलाला काठी मारावी लागली. आता आमचे कर्तव्य काय?

पायवाट_अकोला (मूळ प्रश्न)

नमस्कार. गेल्या शनिवारी घडलेला प्रसंग जसा घडला तसा लिहीत आहे. वन विभागाचे काम जवळून पाहिलेल्या, कायदा जाणणाऱ्या आणि सातपुड्यात नेहमी भटकणाऱ्या सदस्यांनी स्पष्ट मत द्यावे आणि आमचे चुकले असेल तर तेही सांगावे, ही विनंती.

आम्ही चौघे मेळघाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात मुक्कामाला होतो. शुक्रवारी गावातल्याच वाटाड्याबरोबर डोंगराची धार पाहून आलो. शनिवारी त्याला पहाटेच मोहफुले वेचायला जायचे होते, म्हणून आम्ही उजाडण्यापूर्वी आमचे आम्हीच निघालो आणि आदल्या दिवशीची वाट सोडून नाल्याच्या काठाने उतरू लागलो. पक्षी पाहायचे होते, म्हणून ठरवून कोणीही बोलत नव्हते.

एका वळणावर बिघडलेल्या हातपंपाने हवा ओढावी तसा घरघर आवाज येऊ लागला. नाल्याकाठी कोणी पाणी उपसत असेल असे वाटून आम्ही तसेच पुढे गेलो. वारुळामागे अस्वल होते. त्याचे तोंड वारुळात खोल खुपसलेले होते आणि आम्ही पंधरा पावलांवर येईपर्यंत त्याला आमची चाहूल लागली नव्हती. त्याने डोके वर काढले, क्षणभर मागच्या पायांवर उभे राहिले आणि सरळ अंगावर आले. माझ्या पुढे असलेल्या मित्राने चेहरा वाचवण्यासाठी हात आडवा धरला आणि त्याच्या कोपराखाली तीन नखे खोल ओढली गेली. माझ्या हातात बांबूची काठी होती. मी दोन फटके मारले, तरी ते हटले नाही. तिसरा फटका डाव्या डोळ्याच्या कडेला बसला, तेव्हा ते ओरडत घाणेरीच्या जाळीत शिरले. वाटेतल्या पानांवर रक्त पडले होते.

परत येताना टोपल्या घेऊन जंगलात निघालेल्या तीन बायका भेटल्या. त्यांना आम्ही "पुढे अस्वल आहे" एवढेच म्हटले. ते जखमी आहे हे सांगितले नाही आणि नक्की जागाही सांगितली नाही, कारण "तुम्ही तिथे कशाला गेला होता?" असे कोणी विचारेल याची भीती वाटली. मित्राला ग्रामीण रुग्णालयात नेले. तिथे जखम धुऊन धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. काटेरी फांदी लागली, असे आम्ही तिथे सांगितले होते.

आज बुधवार आहे. माझे प्रश्न असे आहेत. आम्ही गुन्हा केला का? वन विभागाला कळवणे बंधनकारक आहे का? काठीच्या दोरीत अस्वलाचे काळे केस अडकले होते, ते एका मित्राने आठवण म्हणून ठेवले आहेत. ते चालते का? दुसऱ्या मित्राच्या फोनवर शेवटच्या काही क्षणांचे चित्रीकरण झाले आहे, ते इतरांना सावध करण्यासाठी टाकावे का? त्या तीन बायका डोळ्यांसमोरून हलत नाहीत. चार रात्री मला नीट झोप लागलेली नाही.

निवृत्त_वनपाल

मी एकतीस वर्षे जंगल खात्यात काढली, त्यांतली बरीच अस्वलांच्या प्रदेशात. म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे हे उत्तर वाचून झाल्यावर लगेच १९२६ या वन विभागाच्या मदत क्रमांकावर फोन करा, किंवा मुक्काम केलेल्या गावच्या वनरक्षकाला गाठा. जागा, वेळ, अस्वल कोणत्या दिशेने गेले, जखम कुठे आहे, हे सगळे सांगा. बाकीचे नंतर वाचले तरी चालेल.

आता अस्वलाविषयी. आपल्याकडचे अस्वल मुख्यतः वाळवी, मुंग्या, फळे, मध आणि मोहफुलांवर जगते. त्याच्या वरच्या जबड्यात मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी ओढून घेते, आणि तुम्ही ऐकलेला आवाज त्याचाच होता. तो शंभर मीटरच्या पलीकडूनही ऐकू येतो. जंगलात वाढलेल्या माणसाला तो आवाज म्हणजे थांबण्याची खूण असते. खाताना त्याचे लक्ष पूर्ण वारुळात असते, त्याची नजर आणि कान मुळातच बेताचे, आणि वारा उलटा असेल तर वासही मिळत नाही. अशा वेळी माणूस जवळ उभा ठाकला की ते पळण्याऐवजी तुटून पडते. वाघ-बिबट्यांच्या शेजारात जगलेल्या या प्राण्याला आधी हल्ला करून वाचण्याची सवय लागली आहे. त्याचे पंजे वारूळ फोडण्यासाठी घडलेले आहेत आणि माणसाला त्याच्या जखमा बहुधा डोक्याला आणि चेहऱ्याला होतात. तुमच्या मित्राने हात आडवा धरला म्हणून त्याचा चेहरा वाचला.

त्या दिवशी काय करायला हवे होते, हे पुढच्या वेळेसाठी लिहितो. पहाटे आणि तिन्हीसांजेला नाला, वारुळांची माळ, फळाला आलेली झाडे आणि मार्च-एप्रिलमध्ये मोहाखालची जागा टाळावी. चालताना बोलत राहावे, काठी दगडावर आपटावी. घाणेरीची जाळी आणि खडकाची कपार यांच्या अगदी कडेने जाऊ नये. अस्वले दिवसा तिथेच पडून असतात. बरोबर कुत्रा नेऊ नये, कारण अस्वलाने पाठलाग केला की तो धन्याकडेच धावत येतो. लांबून दिसले तर त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरावे. पळू नये. ते अंगावर आलेच आणि हातात काही नसेल, तर पोटावर पडून दोन्ही हातांनी मान झाकावी. हिवाळ्यात जन्मलेली पिल्ले या दिवसांत आईच्या पाठीवर बसून फिरतात. तुम्ही पिल्लू पाहिले नाही याचा अर्थ ते नव्हते असा होत नाही, आणि हे वनरक्षकाला जरूर सांगा, कारण मादी असेल तर शोध घेण्याची रीतच बदलते.

काठी उचलली याबद्दल मी तुम्हांला दोष देणार नाही. तीन फटके मारले, ते निघून गेल्यावर थांबलात, त्याच्या मागे गेला नाहीत, हे बरोबरच झाले. मला खटकते ते नंतरचे. डोळ्याला मार बसलेले अस्वल त्या बाजूने आणखी कमी पाहते. म्हणजे पुढचा माणूस त्याला आणखी जवळ येईपर्यंत कळणार नाही, आणि ते वेदनेत असेल. आणि पुढचा माणूस कोण असेल, ते तुम्ही पाहिलेले आहे. त्याच्या हातात टोपली असते आणि नजर जमिनीवर असते.

वकिली_अमरावती

कायद्याच्या बाजूने लिहितो. तुमच्या बाबतीतला अंतिम निर्णय चौकशी करणारा अधिकारी आणि प्रसंगी न्यायालय करील, हे लक्षात ठेवून वाचावे.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची व्याख्या बरीच व्यापक आहे. प्राण्याला जखमी करणेही तिच्यात येते. अस्वल पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतरही तिथेच आहे. या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षे कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. हे वाचून घाबरू नका, कारण कलम ११(२) तुमच्यासारख्या प्रसंगासाठीच आहे: स्वतःचा किंवा दुसऱ्याचा बचाव करताना सद्भावनेने वन्यप्राण्याला मारणे किंवा जखमी करणे हा गुन्हा ठरत नाही. तुम्ही मित्राला वाचवत होता, त्यामुळे "किंवा दुसऱ्याचा" हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत.

मात्र त्याच पोटकलमाला एक परंतुक, म्हणजे अपवादाची अट, आहे आणि ते बहुतेकांना ठाऊक नसते. बचावाची वेळ आली त्या क्षणी ती व्यक्ती या अधिनियमाचे उल्लंघन करणारी एखादी कृती करत असेल, तर तिला ही सूट मिळत नाही. म्हणून तुमच्या प्रकरणात निर्णायक प्रश्न असा आहे की नाल्याकाठची ती जागा नेमकी कशात मोडते. ती अभयारण्यात असेल, तर कलम २७ प्रमाणे परवान्याशिवाय आत जाता येत नाही. सार्वजनिक मार्गाने जाणाऱ्याला सूट आहे, पण वाट सोडून नाल्यात उतरणारा त्या सूटीत बसेल असे मला वाटत नाही. राखीव वन असेल, तर भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खालील अनधिकृत प्रवेशाचा मुद्दा येतो, पण तो वेगळा अधिनियम आहे आणि परंतुकाचे शब्द "या अधिनियमाच्या" उल्लंघनापुरते आहेत. गावठाणालगतची खाजगी किंवा महसुली जमीन असेल, तर चित्र आणखी वेगळे. गावातून निघालात म्हणजे तुम्ही अभयारण्याबाहेर होता, असे गृहीत धरू नका. मेळघाटात गावाच्या शेवटच्या घरामागेही हद्द सुरू झालेली असू शकते.

केसांबद्दल. या अधिनियमात नखे, दात, केस, पिसे हे सगळे प्राण्याच्या अवशेषांच्या व्याख्येत येते, आणि बचावात जखमी झालेला किंवा मारला गेलेला प्राणी कलम ११(३) प्रमाणे शासनाची मालमत्ता असतो. अशी मालमत्ता हाती आल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवून ती मागताच सुपूर्द करावी, असे कलम ३९ सांगते. ते अठ्ठेचाळीस तास उलटून गेले आहेत. मित्राने ते केस फेकून देऊ नयेत, जाळू नयेत. कागदी पाकिटात घालून जबाब देताना स्वतःहून जमा करावेत. फेकून दिलेला पुरावा तुमच्या सद्भावनेविरुद्ध बोलतो.

रुग्णालयात काटेरी फांदीची खोटी हकीकत सांगितली, ती लगेच दुरुस्त करून घ्या. सद्भावना हा या बचावाचा कणा आहे आणि प्रत्येक लपवाछपवीने तो कमकुवत होत जातो.

डॉक्टर_परतवाडा

फक्त जखमेबद्दल लिहिते, कारण ते थांबू शकत नाही.

वन्य सस्तन प्राण्याने चावल्यामुळे किंवा ओरबाडल्यामुळे झालेली रक्ताळलेली जखम रेबीजच्या दृष्टीने तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीची धरली जाते. धनुर्वाताचे इंजेक्शन त्यावर पुरेसे नाही. तुमच्या मित्राला आजच रेबीजची लस सुरू करायला हवी आणि त्याबरोबर जखमेत व जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडे) द्यायला हवे. चार दिवस गेले म्हणून आता उपयोग नाही असे मुळीच समजू नका; पहिला डोस राहून गेला असेल, तर तो ज्या दिवशी घ्याल तो पहिला दिवस. लस नियमित वेळापत्रकाप्रमाणे पूर्ण करावी, जखम भरल्यासारखी दिसली तरी.

अशी जखम झाल्या झाल्या वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची असते. हळद, चुना, तेल, मिरची, यांतले काही लावायचे नसते. अस्वलाच्या नखांखाली माती आणि सडके अन्न असते, त्यामुळे जखम वरून मिटली तरी आत पू होऊ शकतो. ठणका, सूज किंवा ताप असेल तर वाट पाहू नका. आणि डॉक्टरांना खरे सांगा. काटेरी फांदी म्हटल्यावर मीसुद्धा तेवढेच केले असते.

सह्यभ्रमण_पुणे

माझे मत वेगळे आहे. जिवावर बेतले, माणसाने प्रतिकार केला, प्राणी निघून गेला. येथे प्रकरण संपते. स्वतःहून कार्यालयात जाऊन जबाब देणे म्हणजे चालत जाऊन अडचणीत पडणे होय. सामान्य माणसाला फेऱ्या मारायला लावतात, हा अनुभव सर्वांचा आहे. गावकरी पिढ्यान्‌पिढ्या अस्वलांबरोबर राहतात. त्यांना तुमच्या सूचनेची गरज नाही. उपचार घ्यावेत आणि विषय मिटवावा, असे मी सुचवीन.

गुरुजी_धारणी

वरच्या सदस्यांच्या भीतीबद्दल मला आदर आहे, पण त्यांच्या शेवटच्या म्हणण्याला मी ठामपणे विरोध करतो.

मी मेळघाटातल्या कोरकू आदिवासींच्या एका गावात शिकवतो. मोहाच्या दिवसांत वर्गात निम्मी मुले नसतात, कारण पहाटे तीन-चारला आईबरोबर झाडाखाली जावे लागते. फूल रात्री गळते, उशीर झाला की गुरे आणि रानडुकरे खाऊन जातात. म्हणजे अस्वल ज्या वेळी मोहाखाली येते त्याच वेळी ही माणसे तिथे वाकलेली असतात. गावाला अस्वल माहीत आहे, हे खरेच आहे. कोणत्या नाल्यात मादी आहे, कोणत्या कपारीत ती पिल्ले घालते, हे इथली म्हातारी माणसे सांगतात. पण त्यांचे सगळे शहाणपण अशा माहितीवरच उभे असते, आणि ही नवी माहिती फक्त तुम्हा चौघांकडे आहे. ती तुम्ही अकोल्याला घेऊन गेलात. नाल्यातले अस्वल शनिवारपासून वेगळे झाले आहे, हे गावाला कोण सांगणार?

मी एक चेहरा रोज पाहतो. आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईंच्या एका डोळ्यापासून हनुवटीपर्यंत जुना व्रण आहे, तो अस्वलाचाच. त्या डाव्या बाजूने जेवतात. फोटो काढताना त्या पदर ओढून घेतात. शासनाची भरपाई आहे, माणूस दगावला तर २०२३ च्या निर्णयाप्रमाणे वारसांना पंचवीस लाख रुपये मिळतात, पण त्या पैशांची वेळच येऊ नये यासाठी एक फोन लागतो.

चित्रीकरण मात्र कुठेही टाकू नका. सावध करण्याचा हेतू चांगला आहे, पण अशा चित्रफितीबरोबर जागेचे नाव फिरते आणि दुसऱ्या दिवशी तिथे दोन प्रकारची माणसे येतात: पाहायला येणारी आणि कुऱ्हाडी घेऊन येणारी. घेरलेल्या अस्वलाने काय करायचे? ती फीत वनरक्षकाला द्या. अस्वल कोणत्या पायाने लंगडते, डोळा किती मिटला आहे, पाठीवर पिल्लू आहे का, हे ती पाहून त्यांना कळेल.

सह्यभ्रमण, फेऱ्या मारण्याचा त्रास मीही सोसला आहे, त्यामुळे तुमचा राग मला कळतो. तरीही तो त्रास आणि त्या बायकांचा धोका एका तागडीत घालता येत नाही.

उत्तरध्रुवाकडे

कामानिमित्त मी काही वर्षे अलास्कात होतो, म्हणून थोडी भर घालतो. तिथे जीव वाचवण्यासाठी अस्वल मारण्याची मुभा आहे. मारल्यानंतर मात्र राज्याच्या वन्यजीव खात्याला ताबडतोब कळवावे लागते, नखांसह कातडे आणि कवटी सरकारजमा करावी लागते आणि पंधरा दिवसांत लेखी अहवाल भरून द्यावा लागतो. प्राण्याला डिवचल्यामुळे किंवा कचरा उघडा टाकल्यामुळे प्रसंग ओढवला असेल, तर ती मुभा लागू होत नाही. आपल्या कलम ११ च्या परंतुकाशी याचे नाते जवळचे आहे, हे वाचून मला नवल वाटले.

एक सावधगिरीची गोष्ट. इंटरनेटवर "काळे अस्वल असेल तर लढा, तपकिरी असेल तर मेल्यासारखे पडा" असा सल्ला फिरतो. तो उत्तर अमेरिकेतल्या दोन जातींसाठी आहे. आपले अस्वलही काळेच असते, म्हणून तो सल्ला इकडे लावणे धोक्याचे आहे. वनपालांनी लिहिलेली रीत लक्षात ठेवा. तिकडे सर्रास वापरला जाणारा तिखटाचा फवारा इकडे आणण्यापूर्वीही विचारून घ्या, कारण अभयारण्यात वन्यप्राण्यांना इजा करणारे पदार्थ वापरण्यास कलम ३२ प्रमाणे बंदी आहे.

पायवाट_अकोला (मूळ प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. बुधवारी रात्री मित्राला लस आणि इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही दिले आणि रुग्णालयातली नोंद दुरुस्त करून घेतली. गुरुवारी सकाळी फोन केला आणि शुक्रवारी आम्ही चौघे गावी गेलो.

वनरक्षक आणि दोन वनमजूर यांच्याबरोबर जागेवर जाऊन पंचनामा झाला. पानांवरचे रक्त आता तपकिरी डागांसारखे दिसत होते. ज्या वारुळाच्या आडून ते आले, त्याच्या पायथ्याशी हात कोपरापर्यंत जाईल एवढे भोक होते आणि कडेला नखांचे पाच समांतर ओरखडे. वनरक्षकाने ओल्या मातीत मोठ्या पावलांच्या शेजारी लहान पावले दाखवली. ती मादी होती. आमच्यापैकी कोणीही पिल्लू पाहिले नव्हते.

जागा अभयारण्याच्या हद्दीच्या आत निघाली, साधारण दीडशे मीटर. आमचे जबाब झाले, केसांचे पाकीट आणि चित्रीकरण जमा केले, पोच घेतली. विनापरवाना प्रवेशाबद्दल पुढच्या महिन्यात वनपरिक्षेत्र कार्यालयात हजर राहायचे आहे आणि आम्ही राहणार आहोत. वकील साहेब, परंतुकाविषयी अधिकाऱ्यांनीही तुमच्यासारखेच सांगितले. निर्णय जो होईल तो कळवीन.

त्या नाल्यात स्वयंचलित कॅमेरे लावले आहेत आणि पोलीस पाटलांनी गावात दवंडी दिली आहे की आठ दिवस कोणी नाल्यापलीकडच्या मोहाखाली जाऊ नये. त्या तीन बायकांपैकी दोघी आम्हांला भेटल्या. शनिवारपासून रोज त्या त्याच नाल्यातून जात होत्या. त्यांतली एक कोरकूत बराच वेळ बोलली, ते वनमजुराने आम्हांला सांगितले: "अलीकडच्या काठाला माझ्या दिराची चार झाडे आहेत. शनिवारी सांगितले असते तर मी मुलीला तिकडे नेले असते."

मुलगी आईच्या मागे टोपली धरून उभी होती. सात-आठ वर्षांची असेल.